दाराची यादी

कॉम्प्युटर क्लासच्या, चेहरा ओळखून उघडणाऱ्या दाराचा प्रोग्राम आचलनं लिहिला. दार कोणासाठी उघडायचं त्या यादीवर तिनं ‘फक्त माणसं’ असं लेबल ठोकलं. प्रोग्राम चालण्याआधी तपासणाऱ्या कंपायलरनं ते मुकाट मान्य केलं.

क्लासात शिकवणारे धम्मदीप सर म्हणाले होते, “प्रोग्राम चालू झाला का लेबल पुसल्या जाते, पोरी. मंग मशीनले सगळ्या वस्तूच.” नियम असा, कोणाच्या बापाला न विचारता केलेला.

दुपारी अमरावतीच्या त्या क्लासात ती एकटीच उरली. मुलाखतीसाठी अकोल्याची बस गाठायची होती. दारानं तिचा चेहरा पाहिला. पडद्यावर उमटलं: वस्तू. दार हललं नाही.

तिनं प्रोग्राम बंद केला. वीज तोडली. पडदा तसाच: वस्तू.

तिनं आईला फोन लावला. “आई, मी अडकली. सरायले सांग!”

पलीकडे आई कोणाला तरी म्हणाली, “पाय बरं, कोनीच बोलून नाही राहिलं. कायतरी वाजून राहिलं.”

आचल किंचाळली.

“आता तं अजूनच जोरानं वाजून राहिलं.”