भाकड म्हशीचा चहा

लडकू हेडी अंगणात आला तो नवं दावं खांद्यावर टाकूनच. गुरं घेण्या-विकण्याच्या धंद्यात त्याचे केस पांढरे झाले होते. गोठ्यात शिरून त्यानं चांदीच्या पाठीवर थाप मारली, ओठ वर करून दात पाहिले, कासेकडे एकदा नजर टाकली आणि बाहेर येऊन म्हणाला, "कोंडूदादा, म्हस पुरी भाकड हाय."

"म्हनून तर तुला बोलावला," कोंडू म्हणाला. "तीन वरसं झाली, दुधाचा थेंब नाय. पेंढा मात्र दोन बैलांचा खाते. घेऊन जा आन् मला मोकळा कर."

घरात सकुबाईनं ते ऐकलं. कालपासून ती नवऱ्याशी भांडत होती, पण कोंडूनं एकदा मनावर घेतलं की त्याच्यापुढे गोठ्यातला खांब बरा. भाकड म्हैस हेडीबरोबर गेली की पुढे कुठे जाते, हे शेणवे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलून दाखवत नव्हतं, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, त्यांच्या परसात गोबरगॅसची टाकी बसली. तेव्हा पंचायत समितीच्या साहेबांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं एक मोठं चाक काढून दाखवलं होतं. गवत, म्हैस, शेण, गॅस, गॅस झाल्यावर उरलेली मळी, मळीवर वाढलेलं भात, भाताचा पेंढा आणि पुन्हा म्हैस. "यातलं एक जरी काढलंत ना मावशी, तर चाक थांबलं," असं साहेब म्हणाले होते. कोंडूनं तेव्हा मान डोलावून पोहे खाल्ले. सकुबाईनं मात्र ते नीट ऐकून घेतलं.

बैलांचं शेण दिवसभर रानात नाहीतर रस्त्यावर पडायचं. टाकीत जायचं ते मुख्यत्वे चांदीचं, कारण ती गोठ्यातच असायची. चांदी गेली की टाकीतला गॅस संपणार आणि सकुबाई पुन्हा चुलीपुढे. तीस वर्षं तिनं धूर खाल्ला होता. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं बाई रडते आहे; ती बिचारी भाकऱ्या भाजत असायची. या दोन वर्षांत तिचा खोकला गेला, डोळ्यांचं पाणी थांबलं, रात्री पाठ टेकली की झोप लागू लागली. हे सगळं चांदीनं दिलं, असं ती मानायची. रोजची पहिली भाकरी ती चांदीला घालायची. देवाचा नैवेद्य त्यानंतर.

"चाय टाक गो!" कोंडूनं बाहेरून आवाज दिला. "चाय पिऊन मग बोलू."

"थांब जरा," लडकू म्हणाला. "चाय हिच्या दुधाचा नाय ना?"

"का रे?"

"जिच्यामुळं आपल्या पोटात काय गेलं, तिचं दावं आपन धरायचं नाय. आमच्या बापानं घालून दिलंय. त्यानं पाळलं, मी बी पाळतो."

कोंडू खो खो हसला. "अरे, भाकड म्हशीचं दूध कुठलं? आमच्याकडं कोरा चाय. दोन कप पी!"

सकुबाईचा हात शेगडीच्या खिट्टीवर तसाच थांबला. मग तिनं काडी ओढली. निळा जाळ फुलासारखा उमलला. तिनं आलं ठेचून घातलं, गवती चहाची दोन पाती टाकली, गूळही हात आखडता न घेता घातला. लेकीच्या सोयरिकीलाही तिनं इतका जीव ओतून चहा केला नव्हता.

लडकूनं भुरका मारला आणि त्याचे डोळेच मिटले. "वा, वयनी! चाय बेस झाला. आन् किती लवकर! धूर नाय, काय नाय."

"चुलीवर नाय केला, लडकूभाऊ. गोबरगॅसवर केला."

"बरं केलात."

"शेन चांदीचं हाय," सकुबाई म्हणाली. "जाळ तिचा हाय. तिच्यामुळं माझी छाती मोकळी झाली. माझ्यावर लय उपकार हायत तिचे. तुमी तिला नेऊ नका."

लडकूनं कपात पाहिलं. अर्धा चहा अजून उरला होता.

"शेन म्हंजे काय दूध झालं काय?" कोंडू उसळला. "काय बी बोलते ही!"

"जाळ नसता तर थंड पानीच प्यालो असतो ना, दादा," लडकू म्हणाला. "गेलं पोटात. आता अर्धा टाकून तरी काय उपेग?" त्यानं उरलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याला, कप हळूच ओट्यावर ठेवला आणि नवं दावं उचलून पुन्हा खांद्यावर घेतलं.

"अरे, पन सौदा?"

"जी म्हस आल्या पावन्याला चाय पाजते," लडकू म्हणाला, "तिला भाकड म्हनायला तुझी जीभ कशी वळते रे?"

तो फाटकाशी पोचला तेव्हा सकुबाईनं हाक मारली. "लडकूभाऊ, उपकार झाले तुमचे!"

"माझे नाय," तो मागे न बघता म्हणाला, "तिचे."

कोंडू तोंड वाकडं करून ओट्यावरच बसून राहिला. बायकोकडे बघायची सोय नव्हती आणि गोठ्याकडे बघायचीही नव्हती. तेवढ्यात गोठ्यात चांदीनं सावकाश शेपटी वर केली.

कोंडू उठला आणि घमेलं घेऊन धावला.