सहावी बाटली

पहिल्या मोठ्या ट्रायथलॉनआधी उन्हाची सवय व्हावी म्हणून मी भर दुपारी ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या उसाच्या शेतांमधून धावायचे आणि डॅड सायकलवरून पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन मागे यायचे. मागच्या रविवारी त्यांनी त्यातले दोन घोट घेतले, तेव्हा मी रस्त्यातच खेकसले, “मीठसाखर मोजून घातलीय त्यात! हात लावू नका!” “बरं बाई,” ते हसले. “जन्म गेलाय उसात, मला कशाला पाणी?” आज चाळीस अंश होते. “कासव बरं गं तुझ्यापेक्षा!” मागून चाललेलं चिडवणं एकदम थांबलं. वळून पाहिलं, तर सायकल आडवी आणि डॅड बेशुद्ध. इस्पितळात नर्सनं विचारलं, “एवढ्या उन्हात घोटभर पाणी नाही प्यायले?” माझ्या हातात त्यांच्या सायकलवरची सहावी बाटली होती, काठोकाठ भरलेली. बुचावर चिकटपट्टी होती, त्यावर त्यांचं अक्षर: ‘लेकीचं पाणी. हात लावायचा नाही.’