मागचा आरसा

पलासिया चौकातल्या कैलाश न्हाव्याकडे मी वर्षानुवर्षं कटिंग करतो. शेवटी तो डोक्यामागे छोटा आरसा धरतो. माझा चष्मा काढलेला असतो, काही दिसत नाही, तरी मी मान हलवतो. काल का कोण जाणे, चष्मा लावून समोरच्या आरशात डोक्याची मागची बाजू पाहिली.

"कैलाश भिया, हे डोकं माझं नाही."

"क्या दिनानाथजी! कुर्सी पर और कौन बैठा है?"

"पण माझं असं नसतं."

"तो फिर कैसा रहता है?"

सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीतच नव्हतं. जन्मभर सोबत वागवलेलं ते डोकं रस्त्यात दिसलं असतं, तरी मी ओळखलं नसतं.

"ठीक है ना?" कैलाशनं विचारलं.

मी हललो नाही. आरशातल्या डोक्यानं मात्र सावकाश मान हलवली.

कैलाशनं खूश होऊन कापड काढलं. आरशातला तो पाठमोरा माणूस उठला, खुंटीवरची माझी पिशवी घेऊन दाराबाहेर पडला.

मग मी अजून बसलेलो असतानाच कैलाशनं खुर्ची नॅपकिननं झटकली आणि बाकावरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "आओ भिया, कुर्सी खाली है."