मागची फळी

कुरुंदवाडच्या घाटावर ओढून ठेवलेल्या पुराच्या नावेची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात ती, धोंडीरामनं पटाशीनं उकरली, तर आतला प्लाय भिजलेल्या भाकरीसारखा हातात आला. गेल्या पुरात भर धारेत हीच फळी तडकली होती. इंजिन लोंबकळलं आणि नावेतली अकरा माणसं गरगर फिरत एका बाभळीला अडकली. त्यांत त्याची बायको मीनाबाई होती.

आठ दिवस खपून त्यानं नवा जाड प्लाय दुहेरी चिकटवला, वर फायबरचे थर चढवले, इंजिनाच्या बोल्टांची भोकंसुद्धा आतून रेझिननं लिंपून घेतली. नवव्या दिवशी, नाव ज्या मंडळाची त्याचे अध्यक्ष वसंतराव आले. नावेकडं न बघताच त्यांनी आपल्या नावाची ताटाएवढी पितळी पाटी पुढं केली.

"ही मार त्या फळीवर. सहा स्क्रू ठोक."

"मागल्या पाटीच्या स्क्रूंतनंच पाणी आत शिरलं, अध्यक्ष. फळी त्यानंच कुजली."

"तू सुतार हायस. इंजिनेर हुयाला बघू नगंस."

असली माणसं धोंडीरामनं पुष्कळ पाहिली होती. पूर आला की ती गच्चीवरनं हात हलवतात. त्यानं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप काढली आणि पाटी नुसती चिकटवून टाकली.

अध्यक्ष भडकले. "आन् पाण्यात सुटली म्हंजे? माझं नाव बुडंल की!"

"तुमचं बुडू दे," टेपवर अंगठा दाबत धोंडीराम म्हणाला. "आमची बुडाया नगो."