उन्हाचं गाव

सावंतवाडीच्या पावसात महादेवीचे सांधे इतके सुजायचे, की तिला स्वतःची वेणीही घालता येत नसे. "कोरड्या, उन्हाच्या गावी न्या यांना," डॉक्टर म्हणाले.

लातूर तेव्हा नुकताच नवा जिल्हा झाला होता. तिच्या नवऱ्यानं, सिद्धलिंगनं, तिथल्या कचेरीत कारकून म्हणून बदली मागून घेतली. "ऊन भरपूर, आणि गल्लीत सगळे आपलेच लिंगायत," तो तिला म्हणाला. "मठ आहे, विधींना जंगम आहेत. परकं वाटायचं नाही."

खरंच वाटलं नाही. शेजारच्या गंगम्मानं पहिल्याच दिवशी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली. सहा महिन्यांत महादेवीची सूज उतरली.

तिसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. आड आटला, टँकर सुरू झाले. सिद्धलिंग कचेरीत असायचा, म्हणून रांगेत महादेवीच थांबायची.

"अक्का, लई ऊन हाय. सावलीला बसा की," गंगम्मा म्हणायची.

"मला मानवतं ऊन," ती हसून सांगायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती भरली घागर घेऊन घरी आली. घागर नीट उतरवून ठेवली आणि तिथंच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. उष्माघात.

संध्याकाळी जंगम आले. समाधीचा खड्डा खणून झाला होता. "हिच्या आंघोळीला पाणी आणा," ते म्हणाले.

टँकर आता परवाच येणार होता. सिद्धलिंग आत गेला आणि तिनं दुपारी आणलेली घागर उचलून बाहेर घेऊन आला.