गुणाची खुर्ची

"दादा, जरा बोलायचं होतं," वकील म्हणाला.

वकील म्हणजे अजून वकील नव्हता, नुसती कायद्याची पदवी घेऊन बसला होता. त्याच्या मागं बुटक्या उभा होता आणि बुटक्याच्या मागं चष्मेवाली. ती बुटक्यापेक्षा उंच असल्यामुळे तिला नीट लपता येत नव्हतं. अभ्यासिकेतल्या बाकीच्या माना पुस्तकांत होत्या, पण पान एकाचंही उलटत नव्हतं.

दादानं पेनाला टोपण लावलं. "बोला की."

"म्हणजे, तुमच्याबद्दल आम्हा सगळ्यांना अतिशय आदर आहे."

दादा सावरून बसला. आजवर त्याला आलेले सगळे नकार आदरानंच सुरू झाले होते. आपण फक्त 'पण' कधी येतो ते बघायचं.

"पण खुर्चीचं जरा बघायला हवं," वकील म्हणाला.

खिडकीशेजारची ती खुर्ची दिसायला बाकीच्या खुर्च्यांपेक्षा वाईटच होती. रेक्झिन फाटलेलं, स्पंज बाहेर डोकावणारा, डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. पण तिच्यावर बसून अभ्यास केलेले एकापाठोपाठ एक नोकरीला लागले. एक बँकेत, एक वीज कंपनीत, एकजण तर मुलाखतीला उशिरा पोचूनसुद्धा. तेव्हापासून रीतच पडली. ज्याला नोकरी लागेल त्यानं जाताना आपल्या रुमालानं खुर्ची पुसायची आणि पुढच्याला हाताला धरून बसवायचं. दादाला त्याच्या वर्गातल्या मैत्रिणीनं बसवलं होतं. "आता तू," म्हणून ती जिना उतरून गेली, त्याला बराच काळ लोटला. मध्यंतरी पुठ्ठासुद्धा बदलावा लागला.

"खुर्चीला गुण आहे, यात वाद नाही," वकील म्हणाला. "पण तुम्ही बसल्यापासून तो पुढं सरकेना."

"बॅटरी कशी उतरते, दादा," बुटक्या मदतीला आला. "फोन चांगलाच असतो. पण चार्जिंगच नाही म्हटल्यावर..."

"कळलं."

दादाला राग आला नाही. येईल म्हणून त्यानं क्षणभर थांबूनही पाहिलं. पण छे.

"यात तुमचा काही दोष नाही," वकील म्हणाला.

"ते तर आहेच."

आता चष्मेवाली पुढं आली. "माझी पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, दादा. बाबा म्हणालेत, आता ही शेवटची. नाही झालं तर काकांच्या दुकानात बसायचं, प्लायवूड विकत." तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला प्लायवूड नकोय हो."

"माझी सोमवारी आहे," दादा म्हणाला.

चष्मेवालीनं वकिलाकडे बघितलं.

"तुमच्या होतच असतात, दादा," बुटक्या म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सर्दी होतच असते असं म्हणावं, तसं तो म्हणाला.

दादानं पुस्तकं गोळा केली, पाण्याची बाटली घेतली. उठताना पँट रेक्झिनला चिकटली होती, ती सोडवून घ्यावी लागली. मग त्यानं खिशातून रुमाल काढला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. इतक्या दिवसांत त्यानं त्या रुमालाला ना नाक पुसलं होतं, ना घाम. तो या कामासाठीच होता.

वकील अदबीनं आडवा आला. "दादा, तुम्ही नका पुसू. ते लागलेल्यानं पुसायचं असतं."

"हो, खरंच की," म्हणत दादानं रुमाल होता त्याच घडीत खिशात ठेवला. चष्मेवालीला म्हणाला, "बस."

तिनं खुर्चीकडे बघितलं आणि एक पाऊल मागं घेतलं. "आज नको. थोडे दिवस मोकळी राहू दे. म्हणजे उतरेल."

काय उतरेल ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बुटक्यानं खुर्चीवर एक वर्तमानपत्र पसरलं. पान नोकरीच्या जाहिरातींचं होतं, म्हणजे सगळ्यांचं वाचून झालेलं.

दादा दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला, चपलांच्या रॅकशेजारी. अभ्यासिकेत नव्यानं येणारे तिथं बसत. तोही आला तेव्हा तिथंच बसला होता. पुढं टेबल नव्हतं, मागं टेकायला काही नव्हतं. त्यानं पुस्तक मांडीवर घेतलं आणि मघाचं पान शोधून काढलं.

थोड्या वेळानं एक मुलगी आली. पाठीवर कोरी सॅक. पदवीचा निकाल नुकताच लागलेला असणार, कारण चेहरा अजून हसरा होता. तिनं सगळीकडे नजर फिरवली आणि दारातल्याच माणसाला विचारलं, "ती खिडकीजवळची रिकामी दिसतेय. कुणाची आहे?"

"कुणाची नाही."

"मग बसू तिथं?"

"आत्ता नको. तिला विश्रांती दिलीय."

"खुर्चीला?"

"हो. दमलीय."

मुलीला हसू आलं, पण दादा हसत नव्हता म्हणून तिनं ते आवरलं. सॅक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती उभीच राहिली.

दादा उठला. खिशातून रुमाल काढून त्यानं घडी मोडली आणि स्टूल पुसायला लागला. आधी वरून, मग कडेनं, मग चारही पाय. अभ्यासिकेतल्या माना एकेक करत वर झाल्या. वकील जागेवरून अर्धवट उठला.

दादानं मुलीला हाताला धरून स्टुलावर बसवलं.

"अहो, आणि तुम्ही?"

"माझं झालं," दादा म्हणाला आणि भिंतीला टेकून, पुस्तक उघडून उभा राहिला.

रुमाल चपलांच्या धुळीनं काळा झाला होता. त्यानं तो बघितला आणि नाक पुसलं.