लेस्टरचा हात

"कोट काढ की रे बाबा, घामाघूम झालायस," डोलोरेस म्हणाली.

लेस्टरने कोटाची चेन उलट आणखी वर ओढली. "थंडी वाजतेय."

स्टेडियमच्या पोटात असलेली ती सुरक्षारक्षकांची खोली. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात टीव्ही, आणि दाराला कुलूप. डोक्यावरच्या पायऱ्यांवर अख्खं बफेलो शहर पाय आपटत होतं. सुरक्षारक्षक डोलोरेसने त्याला दंडाला धरून इथे आणलं होतं, तुझ्याच भल्यासाठी म्हणून. भलं कसलं! उंदीर पिंजऱ्यात घालायचा आणि वर म्हणायचं, मांजरापासून वाचवलं.

झालं होतं असं. बेसबॉलच्या सामन्याचा शेवटचा डाव. बफेलोचे हॅमर्स पाहुण्या पेलिकन्सपेक्षा एका धावेने पुढे, आणखी एक गडी बाद केला की फायनल. पेलिकन्सच्या बॅटरने चेंडू असा काही हाणला, की तो थेट डावीकडच्या भिंतीवर आला. भिंतीमागे पहिल्याच रांगेत लेस्टर. सगळ्यांचे हात वर गेले, त्यात लेस्टरचा सगळ्यांत पुढे. पुढच्या क्षणी चेंडू भिंतीच्या पायथ्याशी मैदानात पडलेला! हॅमर्सच्या फील्डरने तो उचलून फेकला, आणि पहिल्या बेसपासून जीव खाऊन पळत आलेला पेलिकन्सचा रनर होमवर, म्हणजे धाव पुरी व्हायच्या जागेवरच, बाद झाला. खेळ खलास. कॅचरने आनंदाच्या भरात चेंडू गर्दीत भिरकावून दिला.

मग पेलिकन्सचा मॅनेजर टोपी आपटत मैदानात आला. त्या माणसाचा हात लागला चेंडूला!

प्रेक्षकाचा हात लागला असेल, तर चेंडू तिथेच मेला, खेळ थांबला. रनरला धाव द्यायची, सामना बरोबरीत आणायचा आणि पुढे खेळायचं. अंपायर मघापासून घोळका करून उभे होते. टीव्हीवाले तोच तुकडा फिरवून फिरवून दाखवत होते, पण मैदानाच्या कडेचा पिवळा खांब नेमका आड येत होता.

"लागला का रे हात?" डोलोरेसने हळूच विचारलं.

"पाणी मिळेल?"

"मिळेल. उत्तर नको देऊस, मला पचणारही नाही." तिने ग्लास पुढे सरकवला. "तुला ओळखते मी. ऑगस्टमध्ये टीव्हीवर होतास! पाहुण्यांचा होमरन, भिंतीपलीकडे आलेला चेंडू, झेललास आणि लगेच मैदानात भिरकावलास. आमच्या घरात टाळ्याच टाळ्या. शत्रूचा चेंडू घरी नेणारा तो कसला बफेलोचा! असे किती परत फेकलेस आजवर?"

"असतील सातआठ," लेस्टर पुटपुटला. "माझ्या बायकोला निरोप देता येईल? विल्मा. खाली सॉसेजच्या टपरीवर असते. तिने काहीच बघितलं नसणार."

"सांगितलंय. दुकान आवरून येतेय."

दारावर टकटक झाली. डोलोरेसने कुलूप काढलं. आत आला तो टिलमन, डाव्या लाईनवरचा अंपायर. म्हातारा माणूस, पण आता आणखीच म्हातारा दिसत होता.

"पोरी, जरा बाहेर थांब." दार लागल्यावर तो लेस्टरसमोर बसला. "नियमाने मला तुला काही विचारता येत नाही. माणूस म्हणून विचारतो. मी खेळ थांबवला नाही. हात लागला नाही असं मला दिसलं. म्हणजे, वाटलं. दिवे डोळ्यांवर आले होते रे. आता ते सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मला पुन्हा मैदानात जाऊन शेवटचं सांगायचंय. लागला होता का?"

लेस्टरने ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. हो म्हटलं की संपलं. तो बस चालवायचा, मेन स्ट्रीटवरची. उद्या सकाळी प्रत्येक थांब्यावर हेच लोक चढणार होते, यांच्याच पोरांना शाळेत सोडायचं होतं. या शहरात त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण समोरच्या म्हाताऱ्याचे डोळे बघवत नव्हते.

"साहेब, खरं सांगायचं तर..."

तेवढ्यात टीव्हीवर हॅमर्सचा फील्डर बोलायला लागला. "चेंडू हाताला खडबडीत लागला हो, ओलसर पण. भिंतीला घासतच आला असणार!"

टिलमन ताडकन उठला. "ऐकलंस? भिंतीला घासला! हात लागला असता तर असा खरखरीत झाला असता का?"

"नाही, साहेब."

"भिंतच होती ना?"

"भिंतच होती," लेस्टर म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. डोळ्यांत पाणी होतं. "देव तुझं भलं करो." आणि तो गेला.

थोड्याच वेळात डोक्यावर असा काही गडगडाट झाला, की टेबलावरचा ग्लास नाचला. निकाल कायम. हॅमर्स फायनलला.

"चल, हिरो!" डोलोरेसने दार सताड उघडलं. लेस्टरला तिथेच बसून राहायचं होतं, पण बोळातल्या गर्दीने त्याला ओढून बाहेर काढलं. कुणी मुके घेतले, कुणी डोक्यावर बिअर ओतली. एक जण ओरडत होता, याचा पुतळा बसवा रे भिंतीपाशी! "हात वर कर, लेस्टर, तो हात दाखव!" सगळे ओरडत होते. त्याने दोन्ही हात कोटावर घट्ट दाबून धरले होते.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत विल्मा आली, कमरेला अजून एप्रन, आणि त्याला कडकडून मिठी मारली. पोटाला काहीतरी टणक टोचलं, तशी ती थबकली. कोटावरून हळूच हात फिरवून तिने ते चाचपलं आणि खुदकन हसली.

"मेल्या, आजचाही ढापलास!" ती त्याच्या कानात कुजबुजली. "आणि मैदानात नेहमीसारखा आपल्या कुत्रीने चघळलेलाच चेंडू फेकलास ना?"